गार झाली की ओरडणारी गाडी

गाड्यांमधलं मला सगळं कळतं! सगळं म्हणजे सगळं! कुंडलमधून पलूसच्या रस्त्याला लागलात की डाव्या हाताला 'रविराज ऑटो इलेक्ट्रिक' अशी पाटी दिसेल, तो रविराज मीच. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आलोय, तोही लॅपटॉपवरचा. आमच्या भागातले बाकीचे मिस्त्री अजून बॉनेटला कान लावून बसतात. मी केबल जोडतो, चार बटणं दाबतो, आणि गाडी स्वतःच्या तोंडानं स्वतःचा आजार सांगते. मग तो आजार मी बरा करतो. आजार नसला तरी काहीतरी बरं करूनच सोडतो!

हा शेवटचा भाग आमच्या सोनमला अजिबात पटत नाही. सोनम म्हणजे माझी बायको. "चालतंय ते चालू द्यावं की! तुमाला गप कसं बसवत न्हाई?" असं ती मला दिवसातून तीनदा विचारते. आता हिला काय सांगायचं? आमचं मूळ गाव आटपाडीकडचं, आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालतच असायचे. एका जागी निवांत बसणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलंच नाही!

तर गोष्ट माझ्या मित्राची, राजवर्धनची. वय चौतीस. शेतकीची पदवी, नऊ एकर ऊस, अकरा म्हशी, निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. पण लग्न काही जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, घर बघायचे, मान डोलवायचे, आणि मग विचारायचे, "बाकी ठीक हाय, पण पुण्यात काय हाय का?" पुण्यात काही नव्हतं. की संपलं! एकवीस ठिकाणांहून नकार आला. एकविसाव्या नकाराला तर मुलीच्या मामानं चहा अर्धा ठेवला आणि उठला. तो अर्धा कप राजवर्धनला फार लागला.

त्या रागात त्यानं स्पोर्ट्स कार घेतली!

जुनीच होती, पण जपानहून आलेली, पिवळीधमक. दोन दारं, दोनच सीटा. उंची इतकी कमी की राजवर्धनच्या रेडकाला तिचं टप वरून दिसायचं. गावातल्या गतिरोधकावरून काढायची तर दोन फळ्या लावाव्या लागायच्या. दर गतिरोधकाला राजवर्धन उतरायचा, फळ्या लावायचा, गाडी पुढं घ्यायचा, परत उतरून फळ्या उचलायचा. एवढ्यात सायकलवाला पलूसला पोचलेला असायचा! पण दिसायला गाडी म्हणजे गाडीच होती.

आणि मार्चमध्ये बाविसावं स्थळ आलं. साताऱ्याकडच्या खंडाळ्याचं. मुलगी राजनंदिनी, शिरवळजवळ एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचा निरोप आला, "रविवारी अकराला या. अकरा म्हणजे अकरा."

शनिवारी सकाळी राजवर्धन गाडी घेऊन माझ्याकडं आला. फोटो बघूनच तो पार पाघळला होता.

"रव्या, मुलगी लय चांगली वाटतीया गड्या. हे बी गेलं तर मी परत कुणाच्या दारात जायचा न्हाई. म्हशींच्यातच जल्म काढीन."

"जातंय कशाला? मी हाय की!"

"तू हायेस म्हणूनच सांगतुया. फकस्त हॉर्न बघ. बाकी कशाला हात लावू नगंस."

एवढं सांगून तो उसाला पाणी द्यायला गेला. हॉर्नची वायर सुटली होती, दोन मिनिटांत लावली. झालं काम. आता गप बसायला हवं होतं. पण गाडी चालू होती आणि तिचा उष्णतेचा काटा अर्ध्याच्या वर दिसत होता. थोडासाच, बोटभर. मी एक चक्कर मारून आलो. काटा तिथंच! चहा पिऊन आलो. काटा तिथंच! माझ्या जिवाला चैन पडेना. मी केबल जोडली.

बघतो तर काय, इंजिन गार करणारा पंखा शंभर डिग्रीशिवाय सुरूच होत नव्हता! आता जपानमधल्या इंजिनीअरला काय माहीत, आपल्याकडं उसाच्या ट्रॉलीमागं तासभर रांगत जावं लागतं? मी ते शंभरचं पंच्याऐंशी केलं. शिवाय गाडी बंद केल्यावरही पंख्याचं काम चालू राहावं, असं एक बटण होतं, तेही दाबलं. मग म्हटलं, पंखा तपासून घेऊ. लॅपटॉपवर तपासणीची दोन बटणं होती. एक 'बंद', दुसरं 'हाय'. हाय म्हणजे इंग्रजीतलं, पूर्ण जोरात.

मी आत बसलो. समोर बॉनेट उभं, त्यामुळं पंखा दिसेना. शेजारी मिरची कांडायचं मशीन धडाधड चाललेलं, त्यामुळं ऐकूही येईना. बाहेर कुणीतरी बघणारा हवा. नेमके राजवर्धनचे चुलते आकारामतात्या चटणी कांडून घ्यायला आले होते. डोक्यावर नवी कोरी टोपी, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी घेतलेली, आणि सवय व्हावी म्हणून आदल्या दिवशीच घातलेली.

"तात्या, जरा वाकून पंखा बघा. मी इचारलं की एका शब्दात सांगायचं. फॅन हाय का न्हाई!"

"एवढंच व्हय? सांगतो की!"

मी 'बंद' दाबलं आणि ओरडलो, "तात्या, फॅन हाय?"

तात्यांनी वाकून बघितलं. पंखा जागच्या जागी होता. "हाय की!"

'बंद' दाबलं तर पंखा पूर्ण जोरात? मी 'हाय' दाबलं.

"आता हाय?"

बाहेर त्या क्षणी पंखा सुटला आणि तात्यांची नवी टोपी उडून गेली. हे मला दिसलं नाही. मला फक्त तात्यांचा जिवाच्या आकांतानं आलेला आवाज ऐकू आला, "न्हाई! न्हाई रं न्हाई!"

मी मांडीवर थाप मारली! कुणीतरी अडाणी मिस्त्रीनं सगळं उलटं जोडून ठेवलं होतं! पोरगं एवढ्या लांब मुलगी बघायला निघालंय आणि गाडीचं हे असं! बरं झालं मी बघितलं! दोन मिनिटांत मी लॅपटॉपवर सगळं फिरवून टाकलं. बंदचं हाय, हायचं बंद. परत तपासणी.

'बंद' दाबलं. "तात्या, हाय?"

"न्हाई! कुटं दिसंना झालीया!"

शाब्बास! 'हाय' दाबलं. "आता?"

"हाय, हाय! घावली!"

'घावली' कशाला म्हणाले ते मी मनावर घेतलं नाही. म्हातारी माणसं, दोन शब्द जास्त बोलतात! केबल काढली, बॉनेट लावलं, आणि त्या दिवशी माझ्याइतका समाधानी माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात नव्हता.

रविवारी सकाळी राजवर्धनच्या दारात सगळे जमले. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी अशी गर्जली की दावणीच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. इंजिन गारढोण, आणि पंखा पूर्ण जोरात! शहाण्या माणसाला तिथंच कळलं असतं. पण गावातली चार माणसं कौतुकानं म्हणाली, "इमान उडाल्यागत वाटतंय!" मग मीही छाती पुढं काढून उभा राहिलो.

गाडीत दोनच सीटा, म्हणून राजवर्धन आणि तात्या गाडीत. त्याची आई, राहीकाकी, माझ्या पिकअपमध्ये. निघताना काकीनं माझ्या पायाशी असलेली हत्यारांची पिशवी बघितली.

"ती पिशवी आन् तो लॅपटॉप हितंच ठेव. पाव्हण्यांच्या दारात ग्यारेज नगं मांडूस."

"आवं काकी, वाटंत काय झालं तर?"

"तू हात लावला न्हाईस तर काय व्हायचं न्हाई."

पिशवी राहिली.

कऱ्हाडपर्यंत सगळं झकास. पुढं उंब्रजच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू, दोन किलोमीटर गाड्या थटलेल्या, आणि पिवळ्या गाडीच्या पुढं उसाची जोडट्रॉली. राजवर्धनचा फोन आला.

"रव्या, काटा वर चाललाय, आन् पंखा गप झालाय!"

"पंखा गप म्हंजे इंजिन गार हाय!"

"आरं काटा लालजवळ आलाय! तात्यांच्या पायाला चटकं बसाय लागल्यात!"

"काट्याला काय कळतंय? मी सेटिंग केलंय!"

शेजारून काकीनं विचारलं, "काय केलंयस?" मी पिकअपचा रेडिओ मोठा केला.

नशीब, रस्ता मोकळा झाला. वाऱ्यानं इंजिन निवलं आणि पंखा परत घुमायला लागला. तरी माझ्या डोक्यात तो भुंगा शिरला तो शिरलाच. तापलं तर गप आणि निवलं तर चालू? असं कसं? मग खंबाटकीच्या बोगद्याअलीकडं परत गाड्या थटल्या, परत काटा चढला, परत पंखा गप. अशा तापलेल्या, चिडीचूप गाडीसह आम्ही बरोबर अकराला सुभेदारांच्या अंगणात उतरलो. उतरलो म्हणजे आम्ही उतरलो. तात्यांना दोघांनी काखेत धरून उपसून काढावं लागलं!

सुभेदार दारातच उभे. ताठ कणा, पिळदार मिशा, हातात घड्याळ. "टायमावर आलात. अच्छी बात हाय." गाडीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि आम्हाला आत घेतलं. बैठकीत सतरंजी, भिंतीला फौजेतले फोटो. पोहे आले. राजनंदिनी आली, पाण्याचे तांबे ठेवले, बसली. राजवर्धननं एकदाच मान वर केली आणि परत पोह्यांत घातली. सगळं कसं छान, शांत चाललं होतं.

आणि दहा मिनिटांनी इंजिन निवलं!

घुंऽऽऽऽ! अंगणातल्या कोंबड्या कौलांवर! भिंतीवरच्या फोटोंच्या काचा थरथरायला लागल्या. सुभेदारांचा हात सवयीनं कमरेला गेला.

"ये क्या है?"

"काही न्हाई! गाडी गार होतीया!" मी ओरडून सांगितलं.

"बंद केलेली गाडी?"

"लय आधुनिक हाय!"

आता पाहुण्यारावळ्यांत असं उठून गाड्या बघत बसणं बरं दिसत नाही. त्यामुळं सगळे तसेच बसले आणि एकमेकांच्या तोंडावर ओरडत बोलायला लागले. माझं मात्र सगळं चित्त पंख्यात. 'बंद' दाबलं तेव्हा तात्या 'हाय' म्हणाले. हाय म्हणजे... हाय म्हणजे आहे! अरे देवा! पंखा आहे का, तर आहे! आणि नेमकं त्याच वेळी सुभेदारांनी तात्यांना स्थळाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"मुलाला व्यसन?"

त्या घुंघाटात तात्यांच्या कानात जे शिरलं ते 'वैरण'! मुलीची नोकरी डेअरीतली, तेव्हा पाहुण्यांनी म्हशींच्या वैरणीची चौकशी करावी यात तात्यांना काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुकच वाटलं.

"हाय की! भरपूर हाय!"

"भरपूर?"

"आवं, घरचीच! इकत आणायची पाळीच येत न्हाई!"

सुभेदारांच्या मिशा हलल्या. "रोज?"

"मग! सकाळी एकदा, सांजंला एकदा. मधी लय वराडलं तर दुपारी बी टाकायची!"

सुभेदारांनी काकीकडं बघितलं. "बाई, हे खरं हाय?"

काकीनं तात्यांचं उत्तर तेवढं ऐकलेलं. पदर सावरून ती म्हणाली, "व्हय की! सकाळची मीच टाकती. माझ्याच हातची लागती!"

"आई असून?"

"आईबिगर कोण करणार? लगीन झालं की सूनबाई टाकंल!"

हे सगळं ऐकून मी मध्ये पडायला हवं होतं. पण मी राजवर्धनच्या कानाशी लागलो होतो. "राज्या, उलटं झालंय! पंखा गप करायचा तर इंजिन तापवाय पाहिजे! जा, गाडी चालू करून रेस कर!"

त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. पण उठला बिचारा. बाहेर गाडी भुंकली, दोन मिनिटं भुंकली, आणि पंखा गप! राजवर्धन परत आला तेव्हा घामेजलेला, डोळे लाल, अंगाला पेट्रोलचा वास. सुभेदारांनी नाक वर करून वास घेतला.

पाच मिनिटांनी परत घुं! राजवर्धन परत उठला.

"कुटं निघालास?"

"आलोच. गेल्याबिगर भागत न्हाई."

तिसऱ्यांदा तर तो सरळ हात जोडून म्हणाला, "माफ करा, पण मला जायाच पाहिजे." सुभेदारांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

मला आत बसवेना. मीही मागनं गेलो, गाडीत उलटा शिरलो आणि स्टेअरिंगखाली डोकं घालून फ्यूज शोधायला लागलो. डोकं आत, पाय बाहेर. फ्यूजच्या झाकणावर सगळं जपानी! एक उपटला, आतला दिवा गेला. दुसरा उपटला, डिकी उघडली. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात बांगड्या वाजल्या. राजनंदिनी पाणी घेऊन आली होती.

"काय करताय?"

"गाडी तापवतुया," राजवर्धन म्हणाला.

"मार्चच्या उनात?"

"गार झाली की वरडती."

"आमचं आबा बी तसलंच हायेत."

राजवर्धन हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. मग एक दम घेऊन म्हणाला, "खरं सांगू का? मला हिच्यात नीट बसता बी येत न्हाई. शेतकरी म्हटलं की मानसं चहा अर्धा ठेवून उठत्यात. म्हणून आणली. नायतर माझं आपलं ऊस आन् म्हशी."

"म्हशी किती?"

"अकरा."

"दुधाला फॅट किती लागतंय?"

"साडेसातपर्यंत."

"पाणी घालत न्हाई?"

"न्हाई बा!"

"सगळं असंच म्हणत्यात. माझं कामच ते बगायचं हाय." मग ती म्हणाली, "हे पाय कुणाचं?"

"आमचा मिस्त्री."

"हे सगळं ह्यांनीच केलंय?"

"व्हय."

"मग तोंड बगून ठेवाय पाहिजे."

मी तोंड आणखी आत घातलं. पण खरं सांगतो, पोराचं जमत होतं! आमच्या डोळ्यांसमोर जमत होतं! आता फक्त तो पंखा गप राहू दे रे देवा, एवढंच मागत होतो.

तेवढ्यात आतून आवाज आला, "मुलगा कुटं हाय? त्याला आत बोलवा!"

आत गेलो तर सुभेदार उभे. "बैठो! बस खाली. आता उठायचं न्हाई, काय वाट्टंल ते झालं तरी!"

राजवर्धन बसला. बाहेर इंजिन निवायला लागलं. मी मनात आकडे मोजत होतो. सत्त्याऐंशी... शहाऐंशी... घुंऽऽऽ! राजवर्धन अर्धा उठला. "बैठ!" परत बसला. मी उठलो, तर माझ्यावरही बोट आलं, "तू बी!" पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंखा बेभान. राजवर्धनची चुळबूळ सुरू झाली. कपाळावर घाम, नजर सारखी दाराकडं, हाताची बोटं थरथर कापतायत. सुभेदार त्याच्याकडं एकटक बघत होते. दारुड्याला अर्धा तास दारू मिळाली नाही तर तो कसा दिसतो, हे त्यांनी फौजेत पुष्कळ बघितलं असणार!

शेवटी त्यांचा बांध फुटला. "चोवीस वर्सं फौजेत काढली म्या! लय बघितलं! पन असलं घर न्हाई बघितलं! सकाळ-संध्याकाळ! घरचीच! आई सोताच्या हातानं टाकती! वर माझ्या पोरीनं बी टाकायची? उठा! ही सोयरीक होणार न्हाई!"

राजवर्धनचा चेहरा पांढराफटक पडला. बाविसावं! त्याला का नाही म्हणतायत हेही कळेना. दारात उभ्या राजनंदिनीच्या हातातला ट्रे खाली गेला.

आता तात्या उठले. घराण्याचा अपमान झाला होता! त्यांनी टोपी घट्ट केली, छाती भरून घेतली, आणि पंख्याच्या वरताण आवाज लावून सुरुवात केली, "आवं पाव्हणं—"

आणि तिथंच बॅटरी संपली. घुं... घु... फट्. पंखा थांबला. अख्ख्या खंडाळ्यात शांतता पसरली. तात्यांचा आवाज मात्र सुटलेला होता, तो काही थांबेना.

"—वैरण सकाळ-संध्याकाळ न्हाई टाकायची, तर म्हशींनी काय कांदंपोहं खायाचं?"

कौलांवरून एक कोंबडी हळूच खाली उतरली.

"मतलब..." सुभेदार सावकाश म्हणाले, "वैरण?"

"मग तुमी काय इचारलं?"

"व्यसन!"

"आयला!" तात्या मटकन खाली बसले. "पोरगं सुपारी खात न्हाई आमचं!"

पहिल्यांदा राजनंदिनी हसली. मग काकी हसली, इतकी की तिला ठसका लागला. सुभेदार मात्र पक्के, हसले नाहीत. "मग हे सारखं सारखं बाहीर कुटं जात हुतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सांगावंच लागलं. शंभरचं पंच्याऐंशी, बंदचं हाय, हायचं बंद, सगळं.

"आरं भाड्या," तात्या ओरडले, "मी टोपीचं सांगत हुतो! माझी टोपी उडाली हुती!"

"पर आधीच्या सेटिंगला काय झालं हुतं?" राजवर्धननं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "बरोबर हुतं."

आता पुढची अडचण. गाडी ठार मेली, आणि बॅटरी जोडायच्या वायरी गावाकडं राहिलेल्या पिशवीत. पिवळं धूड सुभेदारांच्या अंगणात मधोमध. तिचा गिअर सुटेना, ढकलताही येईना. शेवटी सुभेदारांच्या भावाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मागवली. पण फाटक अरुंद, बोळाला दोन वळणं, आणि ट्रॉली चार चाकी, उलटी घ्यायला सगळ्यांत अवघड. ती सरळ आत आली की बाहेर निघणार नाही, म्हणून बोळातून उलटी आणायला हवी. सुभेदारांच्या भावानं तीनदा उलटी घेतली. तीनदा ट्रॉलीचं शेपूट भिंतीला!

"उतरा जरा, काका," राजवर्धन म्हणाला.

ट्रॅक्टरवर बसला तसा माणूसच बदलला. दिवसभर आखडून बसलेलं पोरगं, मान मागं वळवून एका हातानं स्टेअरिंग खेळवायला लागलं. एक वळण, दुसरं वळण, फाटक. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. एकदाही थांबला नाही, एकदाही पुढं घेतली नाही. ट्रॉली येऊन बरोबर अंगणातल्या ओट्याला टेकली. मग आठ माणसांनी गाडी उचलून ओट्यावर आणि ओट्यावरून ट्रॉलीत घातली.

सुभेदार हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होते. त्यांची नोकरी फौजेच्या वाहतुकीच्या तुकडीत झालेली, ट्रक चालवण्यात.

"चार चाकी ट्रॉली. बोळातून. एका दमात?"

"रोजचंच हाय आबा. कारखान्यावर रांगेत घालाय लागती."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि लेकीकडं वळले. "काय म्हणतीस गं?"

राजनंदिनी खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या गाडीत मी बसणार न्हाई. ट्रॅक्टरात बशीन."

तात्यांनी आनंदानं टोपी स्वतःच हवेत उडवली. सुभेदारांच्या घरात गूळ नव्हता म्हणून शेजारून आणला आणि तिथंच सुपारी फुटली. म्हणजे नीट विचार केला तर हे लग्न जमलं कुणामुळं? मी सेटिंग बदललं नसतं, तर अर्ध्या तासात पोहे खाऊन सगळे उठले असते आणि आठ दिवसांनी फोनवर नकार आला असता! हे मी परतीच्या वाटेवर काकीला समजावून सांगितलं. काकीनं रेडिओ मोठा केला.

मे महिन्यात लग्न झालं, खंडाळ्यालाच. मंडपात पाय ठेवला आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. एका कोपऱ्यात जनरेटर, त्याचा आवाज किंचित फाटका. दोन मोठे कूलर, एक जरा कमी फिरतोय. मी हळूच त्या बाजूला सरकतोय तोच सुभेदारांनी येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मला थेट बोहल्याजवळ नेलं.

"रविराज, अंतरपाट तुमी धरायचा."

एवढ्या सोयऱ्याधायऱ्यांत हा मान मला! शेवटी गुणाची कदर झाली म्हणायची! मी दोन्ही हातांनी अंतरपाटाचं टोक घट्ट धरलं, मान ताठ केली. पाठीमागं उभ्या सोनमला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस? खुद्द सुभेदारांनी मान दिला!"

"सुभेदारांनी कुटला? नवरीनं सांगितलंय," सोनम म्हणाली. "मंगलाष्टका हुईस्तवर ह्यांचं दोनी हात गुंतवून ठेवा म्हणून!"